हद्दीबाहेरचं पाणी, हद्दीतला हिशेब

ठाण्यात पाण्याचा विषय निघाला की गप्पा ठरलेल्या वाटेनं जातात. "ठाण्याला स्वतःचं धरण नाही" हे पहिलं वाक्य, आणि "शेजारी नवी मुंबईकडे बघा, त्यांनी वेळेवर मोरबे घेतलं" हे दुसरं. मग शहापूर-मुरबाड पट्ट्यातल्या शाई आणि काळू या रखडलेल्या धरणांची नावं निघतात, कुठल्या निवडणुकीत कुणी कुठलं धरण बांधून देतो म्हणाला होता याची उजळणी होते, आणि चहा संपतो.

तक्रार खोटी नाही. ठाणे महापालिकेला दिवसाला साधारण ५८५ दशलक्ष लिटर पाणी मिळतं. त्यातलं २५० स्वतःच्या योजनेचं, १३५ एमआयडीसीचं, ११५ स्टेम या पाणीपुरवठा कंपनीचं आणि ८५ मुंबई महापालिकेचं. 'स्वतःची योजना' म्हणजे तरी काय, तर पंप, जलवाहिन्या आणि शुद्धीकरण केंद्र आपलं. नदीतलं पाणी पाटबंधारे खात्याचं आणि त्याचं बिल वेगळं. चार दुकानांतून उधारी असलेल्या घरासारखी ही अवस्था आहे, एका दुकानाचं शटर पडलं की त्या दिवशी कुठल्या खोलीत चूल पेटणार नाही हे आधी सांगता येत नाही. शुक्रवारी चोवीस तासांचा शटडाऊन आहे असा मेसेज मोबाइलवर येतो तेव्हा तो स्टेमचा की एमआयडीसीचा, कळवा-मुंब्र्याला बसणार की घोडबंदरला, हे कळायला नगरसेवकाच्या कार्यालयात फोन करावा लागतो.

तरीही माझं म्हणणं असं आहे की धरण नसणं हे ठाण्याचं खरं दुखणं नाही आणि धरण असणं हे नवी मुंबईचं खरं औषध नाही. दोन्ही शहरांत पाण्यासाठी पैसा कुठून येतो, कुठे जातो आणि त्यावर कुणाला बोलता येतं, या तीन गोष्टी लोकांच्या हातात नाहीत. 'लोक' म्हणताना मी फक्त शहरातले बिल भरणारे धरत नाही. ज्यांच्या डोंगरावर पडलेला पाऊस आपण पितो तेही त्यात आले. पाणीपट्टीतला एक ठरलेला हिस्सा त्या गावांच्या ग्रामसभांना हक्कानं मिळायला हवा, आणि उरलेल्या पैशाचा हिशेब वॉर्डात जलकुंभागणिक उघडा व्हायला हवा. नवं धरण हवं की नको याचा वाद त्यानंतर घालावा.

आधी आपण कुणाचं पाणी पितो ते तरी नीट बघू. उन्हाळ्यात उल्हास नदी वाहती दिसते त्यातलं बरंच पाणी भिवपुरीच्या टाटा वीजकेंद्रातून सोडलेलं असतं. ते मूळचं मावळातलं, ठोकरवाडी धरणातलं. १९२२ पासून ते सह्याद्रीच्या कड्यावरून नळांमधून खाली येतं, वीज तयार करतं आणि मग उल्हासेत पडतं. पुढे बदलापूरजवळच्या बारवी धरणातलं पाणी त्याला येऊन मिळतं. शहाडला स्टेमचे पंप ते उचलतात, जांभूळला एमआयडीसी ते शुद्ध करते. पलीकडे भातसा नदीवर पिसे इथून ठाणे पाणी घेतं. नवी मुंबई थेट रायगड जिल्ह्यात खालापूरकडे गेली आणि माथेरानच्या पायथ्याशी धावरी नदीवरचं मोरबे धरण तिनं २००२ साली महाराष्ट्र जीवन प्राधिकरणाकडून विकत घेतलं. त्याची साठवण क्षमता सुमारे १९० दशलक्ष घनमीटर आहे. स्वतःच्या मालकीचं धरण असलेली महापालिका म्हणून तिचं कौतुक होतं आणि ते रास्त आहे.

पण नवी मुंबईत गेली कित्येक वर्षं महिन्याला तीस हजार लिटर पाणी पन्नास रुपयांत मिळत आलं आहे. रुपयाला सहाशे लिटर. स्टेशनवरच्या वीस रुपयांच्या एका बाटलीच्या पैशात मोरब्याचं बारा हजार लिटर पाणी घरात येतं. गरिबाला पाणी स्वस्त मिळालंच पाहिजे, त्याबद्दल वाद नाही. पण वाशी-नेरूळच्या तीन बेडरूमच्या फ्लॅटलाही हाच दर लागतो, आणि तो वाढवायचं नाव काढणारा राजकारणी अजून पाहायचा आहे. खर्चाची तूट मालमत्ता कर, अनुदानं आणि इतर उत्पन्नातून भरून निघते. ज्यांच्या जमिनी मोरब्यात बुडाल्या ते धरणग्रस्त पुनर्वसन आणि नोकरीच्या मागण्या घेऊन अधूनमधून आंदोलनाला बसतात, तेव्हा या स्वस्ताईचा उरलेला हिस्सा कोण भरतंय ते दिसतं.

शहापूरचं चित्र याहून बोचरं आहे. तानसा धरण १८९२ चं, मोडकसागर १९५७ चं, त्यानंतर भातसा. मुंबईची तहान भागवणारे मोठे जलाशय याच पट्ट्यात आहेत, आणि याच तालुक्यातल्या गावपाड्यांना दर उन्हाळ्यात टँकर लागतो. मे महिन्यात अशा एखाद्या पाड्यावर गेलात तर विहिरीचा तळ दिसतो. एक बाई आत उतरते, झऱ्याच्या खाचेत साचलेलं पाणी वाटीनं हंड्यात भरते, वरची दोर ओढून घेते. हंडा भरायला पाव तास लागतो, कारण खाच पुन्हा भरेपर्यंत थांबावं लागतं. टँकर आला की तो विहिरीतच रिकामा करतात आणि मग गढूळलेलं पाणी शेंदायला एकच झुंबड उडते. थोड्याच अंतरावरून माणूस उभा राहील एवढ्या व्यासाची जलवाहिनी महानगराकडे गेलेली असते. भावली धरणातून गुरुत्वाकर्षणानं पाणी आणायची योजना शहापूरसाठी मंजूर झाली, ती चांगलीच आहे. पण शंभरावर वर्षं शेजारून पाणी गेल्यानंतर या तालुक्याला आपल्या पिण्याच्या पाण्यासाठी इगतपुरीकडे बघावं लागावं, यातच सगळं आलं.

पाणी उचलणाऱ्या शहरानं पाणी देणाऱ्या गावाला काही देणं लागतं, ही कल्पना नवी नाही. बारवी धरणाची उंची वाढली तेव्हा धरणग्रस्त कुटुंबांतल्या माणसांना, पाणी उचलणाऱ्या महापालिकांनी आपापल्या पाण्याच्या प्रमाणात नोकऱ्या द्यायच्या असं ठरलं. हे तत्त्व मला महत्त्वाचं वाटतं. जेवढं पाणी तेवढी जबाबदारी. पण नोकरी एका घराला एकदाच मिळते आणि तो मुलगा गाव सोडून शहरात येतो. डोंगरावरची झाडं, ओढ्यातला गाळ, फुटलेले बंधारे तिथंच राहतात, आणि पुढच्या पन्नास वर्षांचं पाणी त्यांच्यावर अवलंबून असतं.

म्हणून पाणलोट निधी हवा. हिशेब साधा आहे. शंभर लिटरला एक पैसा धरा. तीस हजार लिटर वापरणाऱ्या घराला महिन्याला तीन रुपये पडतील. मोरब्याची क्षमता दिवसाला ४५० दशलक्ष लिटर धरली तर रोजचे पंचेचाळीस हजार रुपये आणि वर्षाचे एक कोटी चौसष्ट लाख होतात. ठाण्याच्या ५८५ दशलक्ष लिटरवर हाच आकडा वर्षाला दोन कोटी तेरा लाखांच्या घरात जातो. गळती आणि न भरलेली बिलं वजा करा, आकडा खाली येईल. तरी पालिकेच्या अर्थसंकल्पात ही रक्कम एखाद्या चौकाच्या सुशोभीकरणात हरवून जाईल एवढीच आहे, आणि खालापूरच्या पाच-सहा ग्रामपंचायतींसाठी ती दरवर्षी खात्रीनं येणारी मोठी रक्कम आहे. त्यातून विहिरींचं खोलीकरण, वनराई बंधारे, झऱ्यांची निगा, धरणाकाठचं सांडपाणी अडवणं अशी कामं ग्रामसभेनं ठरवावीत. अट एकच, खर्च गावाच्या फलकावर आणि पालिकेच्या संकेतस्थळावर एकाच दिवशी लागला पाहिजे.

यावर पहिली हरकत येईल ती कायद्याची. शहराचा पैसा हद्दीबाहेर कसा खर्च करता येईल? लेखापरीक्षण विभाग आक्षेप घेईल, वगैरे. पण हद्दीबाहेरचं अख्खं धरण विकत घेता येतं, हद्दीबाहेर किलोमीटरच्या किलोमीटर जलवाहिन्या टाकता येतात, पंपगृहाची वीजबिलं भरता येतात, तर त्याच पाण्याच्या उगमावरचा बंधारा तेवढा परका कसा? पाणीपुरवठ्याच्या कामात पाणलोट धरायचा की नाही एवढाच प्रश्न आहे. तो सभागृहात ठराव करून आणि शासनाची मान्यता घेऊन सुटण्यासारखा आहे.

दुसरी हरकत जास्त खरी आहे, आणि ती बहुधा कुजबुजत घेतली जाते. गावातला पैसा सरपंच आणि ठेकेदार खातील. खातील, काही ठिकाणी नक्की खातील. पण शहरातल्या रस्त्याच्या निविदा निघतात तेव्हा आपण कुठल्या तोंडानं हे बोलतो? चोरीच्या भीतीनं द्यायचंच नाही हा न्याय लावला तर पहिल्यांदा महापालिकांचीच तिजोरी बंद करावी लागेल.

आता शहराकडे. १९९२ च्या ७४ व्या घटनादुरुस्तीनं बाराव्या अनुसूचीत पाणीपुरवठा हा नागरी स्वराज्य संस्थांचा विषय म्हणून नोंदवला, आणि तीन लाखांवरच्या शहरांसाठी प्रभाग समित्या सांगितल्या. २०११ च्या जनगणनेत ठाणे शहर १८ लाखांवर होतं, नवी मुंबई ११ लाखांवर. म्हणजे समित्या हव्यातच. पण नवी मुंबई महापालिकेची मुदत २०२० मध्ये संपली, ठाण्याची २०२२ मध्ये, आणि त्यानंतर वर्षानुवर्षं प्रशासक बसले. आयुक्त म्हणून अर्थसंकल्प मांडायचा आणि प्रशासक म्हणून आपणच तो मंजूर करायचा, असा तो कारभार. या काळात घेतलेले सगळे निर्णय वाईट होते असं नाही. पण माझ्या टाकीत पाणी का येत नाही हे विचारायला कायद्यानं कुणी बांधलेला माणूसच नव्हता. या काळात लोकांना बोलावलं गेलं ते जलदिनाच्या शपथेला, तलाव स्वच्छतेच्या मोहिमेला आणि सेल्फी पॉइंटच्या उद्घाटनाला.

केंद्राच्या पैशाचीही गंमत बघा. पंधराव्या वित्त आयोगानं २०२१ ते २०२६ या काळासाठी ग्रामपंचायतींच्या अनुदानातला साठ टक्के भाग बांधून दिला, त्यातला निम्मा पिण्याचं पाणी, पावसाच्या पाण्याची साठवण आणि पुनर्वापरासाठी. दहा लाखांवरच्या नागरी समूहांच्या अनुदानातही पाणी आणि स्वच्छतेसाठी हिस्सा राखून ठेवला. म्हणजे एकाच नदीच्या खोऱ्यात वरच्या गावाकडे पाण्यासाठीच राखलेला पैसा आहे आणि खालच्या शहराकडेही आहे. दोघं एका टेबलावर कधी बसत नाहीत. गाव आपल्या हद्दीत टाकी बांधतं, शहर आपल्या हद्दीत पाइप बदलतं, आणि नदी कुणाच्याच कामाच्या यादीत नसते. उल्हासेच्या काठी मोहन्याला जलपर्णी दाटली की ओरडा होतो, वालधुनी नदीचं पाणी रंगीत दिसलं की न्यायालयात धाव घेतली जाते. एरवी सगळं शांत.

टेबल मात्र तयार आहे. स्टेम ही ठाणे, भिवंडी आणि मीरा-भाईंदर महापालिका व ठाणे जिल्हा परिषद यांनी मिळून चालवलेली कंपनी आहे. शहर आणि गाव यांचे प्रतिनिधी एका पाणी संस्थेत भागीदार असणं ही आपल्याकडे दुर्मीळ गोष्ट. तरी ठाण्यातल्या शंभर बिलधारकांना विचारा, स्टेमच्या संचालक मंडळात कोण बसतं. उत्तर येणार नाही.

शहरात पाण्याचा खराखुरा कारभार करणारी एक जमात आहे, तिच्याकडे कुणी कारभारी म्हणून बघत नाही. गृहनिर्माण सोसायट्या. घोडबंदर रोडवरच्या एखाद्या सोसायटीच्या गेटवर सकाळी उभे राहा. वॉचमन अंडरग्राउंड टाकीचं झाकण उचलून आत खुणा केलेली काठी बुडवतो, ओली रेघ कुठपर्यंत आली ते बघतो आणि सेक्रेटरींना फोन करतो. टँकर आला की वहीत गाडीचा नंबर, वेळ, लिटर आणि सही. कधीकधी शेरा: 'पाणी पिवळट'. महिनाअखेरीस खजिनदार हे सगळं फ्लॅटवार वाटून मेंटेनन्सच्या बिलात टाकतो, आणि वार्षिक सभेत त्यावरून दीड तास भांडण होतं. मला ते भांडण फार मोलाचं वाटतं. पैसे भरले, हिशेब मिळाला, प्रश्न विचारला. महापालिकेच्या पाण्याबाबत यातलं पहिलंच तेवढं घडतं.

याच घोडबंदर पट्ट्यात पाण्याच्या प्रश्नावरून २०१७ मध्ये उच्च न्यायालयानं नव्या बांधकामांना काही काळ चाप लावला होता. टॉवर मात्र उभे राहतच आहेत, आणि प्रत्येक टॉवरबरोबर टँकरचा धंदाही वाढतो. टँकरवरचा खर्च ही रहिवाशांनी भरलेली दुसरी पाणीपट्टीच आहे, फक्त तिची पावती पालिकेच्या जमाखर्चात येत नाही. प्रभागातल्या सोसायट्यांच्या टँकरवह्या एकत्र केल्या तर पालिकेचं पाणी नेमकं कुठे, किती आणि कोणत्या महिन्यात कमी पडतं याचा नकाशा एका आठवड्यात तयार होईल. सल्लागार कंपनीची गरज नाही.

म्हणून दुसरी मागणी जलकुंभाची. शहर प्रशासनाच्या सोयीनं प्रभागांत वाटलेलं असतं, पाणी मात्र टाकीच्या सोयीनं वाहतं. प्रत्येक जलकुंभाच्या खाली फलक लावा: काल किती पाणी आत आलं, या टाकीवर किती जोडण्या आहेत, गेल्या तिमाहीत किती पाण्याचं बिल झालं. आत आलेलं आणि बिल झालेलं यांतला फरक म्हणजे गळती आणि चोरी. चाळी आणि झोपडपट्ट्यांच्या नावानं बोटं मोडायची आपल्याला सवय आहे. फरकाचा आकडा टाकीगणिक समोर आला तर चोर कुठल्या वस्तीत राहतो ते एकदा कळेल तरी. व्हॉल्व्हमनवर दबाव कोण टाकतं हेही कदाचित कळेल, पण तो वेगळा लेख होईल.

पुरंदरच्या नायगावात विलासराव साळुंखे यांनी १९७२ च्या दुष्काळानंतर पाणी पंचायत उभी केली तेव्हा दोन नियम कडक होते. पाणी जमिनीच्या मापानं मिळणार नाही, घरातल्या माणसांच्या संख्येवर मिळेल. आणि खर्चातला वीस टक्के वाटा शेतकरी स्वतः उचलतील. त्या वीस टक्क्यांची किंमत योजनेच्या खर्चापुरती नव्हती, शेतकरी मालक म्हणून बैठकीला बसायचा तो त्यामुळे. नवी मुंबईच्या पन्नास रुपयांत नेमकं हेच हरवलं आहे. जवळजवळ फुकट मिळणाऱ्या पाण्याबद्दल कुणी प्रश्न विचारत नाही, आणि प्रश्न न विचारणाऱ्या ग्राहकाला पालिका हिशेब देत नाही. पहिला टप्पा स्वस्तच ठेवा, माणशी दिवसाला १३५ लिटर या देशभर धरल्या जाणाऱ्या प्रमाणापर्यंत. त्यापुढे मात्र चढत्या दरानं आकारा, आणि वाढीव पैसा कुठे गेला ते दाखवा.

ठाण्याच्या तलावांवर चार ओळी लिहायला हव्यात. मासुंद्याला काचेचा पदपथ झाला, कचराळीला फिरायला छान वाट आहे, उपवनला संध्याकाळी गर्दी असते. पैसा खर्च झाला तो काठावर: फरशा, कारंजी, दिवे, भिंती. पावसाळ्यात तलावात ओहोळानं पाणी कुठून यायचं, ती वाट कुठल्या इमारतीच्या कंपाउंडखाली गेली, यावर खर्च करायला शीर्षच नाही. पोखरण रोडवरून रोज लाखो माणसं जातात. ज्या पोखरण तलावावरून त्या रस्त्याला नाव पडलं, तिथून एकोणिसाव्या शतकात ठाण्याला नळानं पाणी आलं, हे त्यांतल्या किती जणांना माहीत असेल! दिघ्याच्या इलठणपाड्याला तर वाफेच्या इंजिनांसाठी रेल्वेनं बांधलेलं इंग्रजी अमदानीतलं धरण आहे. पावसाळ्यात ते भरून वाहतं, आणि खाली दिघ्यात नळावर भांडणं होतात. जमीन रेल्वेची, लोक महापालिकेचे, पाणी दोघांच्या पत्रव्यवहारात अडकलेलं.

नवी मुंबईनं एक गोष्ट मात्र चांगली करून दाखवली आहे. कोपरखैरणे आणि ऐरोलीत प्रत्येकी २० दशलक्ष लिटरचे तृतीय स्तरावरील प्रक्रिया प्रकल्प उभारले आणि ते शुद्ध केलेलं सांडपाणी एमआयडीसीमार्फत ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या कारखान्यांना द्यायची सोय केली. कारखान्यांना बारवीचं पाणी तेवढं कमी लागेल. बारवीत वाचलेलं पाणी ठाणे, कल्याण-डोंबिवली यांच्याच कामी येणार. म्हणजे एका शहराच्या खर्चाचा फायदा दुसऱ्याला होतो, आणि त्याची नोंद कुठल्याच वहीत नाही. खोऱ्याचा एक हिशेब असता तर ठाण्यानं त्यात आपला वाटा उचलला असता, किंवा निदान उचलायला नकार देताना कारण सांगितलं असतं.

सुरुवात नवी मुंबईनं करावी, कारण तिचं काम सोपं आहे. एक धरण, एक तालुका, मोजकी गावं. ठाण्याचं पाणी चार ठिकाणांहून येत असल्यानं त्यानं स्टेमपासून सुरुवात करावी, तिथं जिल्हा परिषद आधीच भागीदार आहे. दोन्ही ठिकाणी एक धोका आहे आणि तो गावाकडच्या माणसाला पहिल्या बैठकीतच जाणवेल. शंभर लिटरला एक पैसा दिला म्हणजे बुडालेल्या जमिनीची, अडलेल्या पुनर्वसनाची जुनी देणी फिटली असं शहर म्हणू लागेल. ती देणी वेगळी आहेत, ती वेगळीच राहतील, हे करारात पहिल्या कलमातच लिहून घ्यावं, आणि ते लिहून घेतल्याशिवाय कुठल्याही ग्रामसभेनं सही करू नये.